सणांच्या शुभेच्छा आणि मनने कशी लिहावीत? सोलापूरच्या मंडळीसाठी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न : तरुण संघाची चिटणीस, जुळे सोलापूर

सर्व वडीलधाऱ्यांना ख्रिस्ती सलाम.

आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, चार पानांची मासिक पत्रिका निघते आणि सणाच्या दिवशी सकाळी मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एक छोटा संदेश पाठवला जातो. येत्या आगमनकाळापासून, म्हणजे २९ नोव्हेंबर २०२६ च्या रविवारपासून, हे दोन्ही प्रकारचे लिखाण पाळकसाहेबांनी माझ्याकडे सोपवले आहे. आतापर्यंत बहुतेक मजकूर इंटरनेटवरून घेतला जात असे, आणि तो वाचताना हे शब्द आपल्यासाठी लिहिलेले नाहीत असे मला सतत जाणवत आले आहे. नाताळच्या संदेशात बर्फ पडत असतो, कापणीच्या सणाचा संदेश ऑक्टोबरात येतो, आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तर फुलांच्या चित्रावर ‘हार्दिक शुभेच्छा’ असे छापलेले असते.

उत्तम शुक्रवारी शुभेच्छा द्याव्यात की देऊ नयेत, हा माझा पहिला प्रश्न आहे. शेजारी आणि कार्यालयातील सहकारी प्रेमाने शुभेच्छा पाठवतात, तेव्हा त्यांना काय उत्तर द्यावे हेही कळत नाही. दुसरे असे की, आपले संदेश ख्रिस्ती नसलेल्या अनेक घरी जातात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आम्हाला आवर्जून बोलावणारी, संक्रांतीला तिळगूळ देणारी ती माणसे आहेत. त्यांच्यासाठी आपल्या श्रद्धेचा गाभा न सोडता कसे लिहावे? आणि वर्षभराचे वेळापत्रक आखताना कोणत्या काळाला किती महत्त्व द्यावे, हेही कुणी सांगितले तर माझे काम सोपे होईल.

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका, रेल्वे लाईन्स

बाळ, तुझा प्रश्न वाचून फार समाधान वाटले. वेळापत्रकापासून सुरुवात करते, कारण प्रत्येक काळाचा स्वभाव एकदा मनात ठसला की शब्द आपोआप नेमके येतात.

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू न होता आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. नाताळापूर्वीचे चार रविवार वाट पाहण्याचे आहेत. या काळात वेदीवर जांभळे वस्त्र असते आणि वाचने यशया संदेष्ट्याची व बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची असतात. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच नाताळच्या शुभेच्छा देऊन टाकू नकोस. दुकानांत चांदण्या आणि केक आले म्हणजे नाताळ आला असे आपल्या मुलांना वाटू लागले आहे, आणि वाट पाहणे ही स्वतःच एक भक्ती आहे हे त्यांना सांगणारे आता फार थोडे उरले आहेत. पहिल्या रविवारी असे काही लिहिता येईल :

‘आजपासून आगमनकाळ सुरू होत आहे. या आठवड्यात रोज संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून एक मेणबत्ती लावावी, यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या पहिल्या पाच ओव्या वाचाव्यात, आणि ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे अशा एका माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी. प्रभूची वाट सरळ करण्याचे काम आपल्याच उंबऱ्यापासून सुरू होते.’

नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही, तो त्या दिवशी सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरण सणापर्यंत चालतो. त्यामुळे शुभेच्छा द्यायला बारा दिवस मिळतात. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेसाठी नव्वदावे स्तोत्र पुरेसे आहे, त्यावर फार लिहिण्याची गरज नाही.

पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, दरवर्षी का हलतो, हे लोक नेहमी विचारतात, म्हणून पत्रिकेत एकदा ते अवश्य छाप. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा हा हिशेब आहे. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे. त्यावरून मागे मोजले की उपवासकाळाची सुरुवात करणारा राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि उत्तम शुक्रवार २६ मार्चला येतो, आणि पुढे मोजले की स्वर्गारोहण ६ मे रोजी व पन्नासाव्या दिवसाचा सण, म्हणजे पेंटेकॉस्ट, १६ मे रोजी येतो. सणांना तिथी आणि पौर्णिमा पाहणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांना हा हिशेब चटकन समजतो, असा माझा अनुभव आहे.

पन्नासाव्या दिवसाबद्दल एक सुचवते. या सणाकडे आपल्या मंडळ्यांत फार दुर्लक्ष होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांनी देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली, असे सांगितले आहे. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत कानावर पडतात. त्या दिवशीचा संदेश चारही भाषांत पाठव. भाषांतर कुणाकडून करून घ्यायचे हा प्रश्न पडणारच नाही, मंडळीतच ती माणसे आहेत.

उत्तर २ : मंडळीचे वडील, सात रस्ता परिसर

चिटणीसताई, उत्तम शुक्रवाराविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

त्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घरी मृत्यू झाला आहे तिथे आपण अभिनंदन करत नाही, जवळ जाऊन बसतो. त्या दिवशीचा संदेशही जवळ जाऊन बसण्याचाच असावा. त्यात फुले, रंगीत अक्षरे, उद्गारचिन्हे काही नकोत. दुपारी बारा ते तीन ही उपासना का असते, हे अनेक तरुणांना ठाऊक नसते. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत देशभर अंधार पडला असे म्हटले आहे, आणि दिवस उजाडल्यापासून तास मोजण्याच्या त्या काळच्या रीतीप्रमाणे ते आपले दुपारचे बारा ते तीन होतात.

सोलापूरच्या मार्चअखेरच्या दुपारी त्या उपासनेत बसलेल्या माणसाला तिचा अर्थ शरीराने कळतो. खिडक्यांवर पडदे ओढलेले असतात, वरचे पंखे गरम हवाच खाली ढकलत असतात, वेदीवरच्या क्रुसाला काळे वस्त्र गुंडाळलेले असते, म्हाताऱ्या बायका पदराने कपाळ टिपत असतात, आणि सात वक्ते एकामागून एक उठून क्रुसावरील सात उद्गारांवर बोलतात. दोन वक्त्यांच्या मध्ये गीत होते आणि मग कुणीही काही बोलत नाही. त्या शांततेत बाहेरून जाणाऱ्या रिक्षांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. लहान मुलेसुद्धा त्या वेळी चुळबुळ करत नाहीत.

या सात उद्गारांपैकी तीन लूकने, तीन योहानाने आणि एक मत्तय व मार्क या दोघांनी नोंदवला आहे. दरवर्षी एकच उद्गार निवडून त्यावर लिहावे, म्हणजे सात वर्षांत वाचकांचे सातही उद्गारांवर मनन होईल. पहिल्या वर्षासाठी मी योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील ‘मला तहान लागली आहे’ हा उद्गार सुचवतो, कारण पाण्याच्या पाळीची वाट पाहणाऱ्या आपल्या शहराला तो समजावून सांगावा लागत नाही. संदेश असा असू शकेल :

‘आज उत्तम शुक्रवार. दुपारी बारा ते तीन या वेळेत आपल्या प्रभूच्या दुःखसहनाचे स्मरण करण्यासाठी आपण एकत्र येत आहोत. ज्याने जिवंत पाणी देण्याचे वचन दिले, त्याने क्रुसावर पाणी मागितले. आज दारावर येणाऱ्या कुणालाही तहानलेले जाऊ देऊ नये.’

शनिवारी काहीही पाठवू नये. त्या दिवशी शिष्यांकडेही सांगण्यासारखे काही नव्हते.

शेजाऱ्यांनी उत्तम शुक्रवारी शुभेच्छा पाठवल्या, तर त्यांना चूक दाखवत बसू नये. त्यांनी आपला सण लक्षात ठेवला, ही मोठी गोष्ट आहे. आभार मानावेत, आज आम्ही प्रभूच्या मरणाचे स्मरण करतो एवढे एका वाक्यात सांगावे, आणि रविवारी सकाळी घरी यायचे आमंत्रण द्यावे. रविवारच्या पहाटेचा संदेश मात्र मोठ्या आनंदाने लिहावा, आणि तो सूर्योदयापूर्वीच पाठवावा, कारण शुभवर्तमानातील स्त्रिया येशूच्या कबरेकडे पहाटेच निघाल्या होत्या. ‘ख्रिस्त उठला आहे’ असे लिहावे आणि प्रत्येकाने ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर द्यावे. ही पूर्वापार चालत आलेली रीत आहे आणि तिच्यात भर घालण्याची गरज मला वाटत नाही.

उत्तर ३ : ज्वारीवाला, मंगळवेढा तालुका

सलाम. कापणीच्या सणाविषयी आपण लिहिले आहे, म्हणून उत्तर देतो.

ऑक्टोबरात येणारे ते संदेश इंग्लंडच्या हवामानाचे आहेत. तिकडे गव्हाची कापणी उन्हाळ्याच्या अखेरीस होते, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात उपकारस्तुती होते. आमच्याकडे त्याच दिवसांत रब्बीच्या ज्वारीची पेरणी चाललेली असते. उडीद, सोयाबीन त्या सुमारास निघते हे खरे, पण मंगळवेढ्याची ओळख मालदांडी ज्वारीची आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते. काळ्या रानात मुरलेल्या ओलाव्यावर आणि हिवाळ्यातल्या थंडीवर ते पीक उभे राहते. परतीचा पाऊस कमी झाला की ताटे गुडघ्याएवढीच राहतात. म्हणून पेरणीच्या वेळी आमच्या घरी एकशे सव्विसावे स्तोत्र वाचण्याची पद्धत आहे. त्यात रडत बी पेरायला जाणारा माणूस पेंढ्या घेऊन आनंदाने परत येतो. पत्रिकेत ऑक्टोबरचे मनन त्यावर लिहावे, आणि कापणीचे मनन फेब्रुवारीच्या अखेरीस ठेवावे.

फेब्रुवारीत उपवासकाळ सुरू झालेला असतो, मग उपकारस्तुतीचा सण कसा करायचा, अशी शंका येईल. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात आणि त्यांतले सहा रविवार वगळून ४० दिवसांचा उपवास धरला जातो. रविवार हा उपवासात मोजला जात नाही. तेव्हा त्या काळातल्या रविवारी उपकारस्तुती करायला काही अडचण नाही, असे आमच्या पाळकसाहेबांनी आम्हाला समजावून सांगितले आहे.

त्या रविवारी लोक कणसांच्या पेंढ्या, हरभऱ्याचे डहाळे, बोरे, अंडी, कुणी एखादी कोंबडी असे घेऊन येतात आणि वेदीसमोर ठेवतात. उपासनेनंतर लिलाव होतो. पाच रुपयांच्या लिंबासाठी पन्नास रुपये देणारा माणूस त्या दिवशी प्रत्येक मंडळीत सापडतो. शहरात शेत नसले तरी आपल्या कमाईतून पहिले काही आणता येते, हे शहरातल्या वाचकांना सांगावे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि पडलेला सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावा अशी आज्ञा आहे. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच आज्ञेच्या आधारावर. ज्वारी काढून झाल्यावर रानात राहिलेली कणसे वेचणाऱ्या बाया आजही आमच्याकडे येतात. कापणीच्या संदेशात देवाचे आभार मानताना या बायांची आठवण असली पाहिजे.

उत्तर ४ : एक शेजारी, भवानी पेठ

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही. आमचे घराणे विणकरांचे आहे, घरी तेलुगू बोलतो, आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाशी आमचा दोन पिढ्यांचा घरोबा आहे. आपण विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला संदेश मिळतो त्याच्या बाजूने देतो.

आम्हाला सौम्य करून लिहिलेला संदेश नको असतो. नाताळला ‘सर्वांना सुखसमृद्धी लाभो’ एवढेच लिहून आले, तर तो दिवाळीचा संदेश आहे की नाताळचा, हे कळत नाही. आपल्या घरी आज आनंद कशाचा आहे, कोण जन्मले, त्याच्या जन्माची बातमी सर्वांत आधी कुणाला मिळाली, हे दोन वाक्यांत सांगावे. ते ऐकायला आम्हाला आवडते. आमच्या श्रद्धेत काय कमी आहे हे मात्र शुभेच्छापत्रात लिहू नये. तो विषय घरी बसून, वेळ काढून, दोघांनी एकमेकांचे ऐकून घेत बोलण्याचा आहे.

शेजारच्या ताई नाताळच्या फराळाच्या ताटात करंज्यांच्या बाजूला हाताने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवतात. त्यात आमच्या घरातल्या प्रत्येकाचे नाव असते आणि त्या वर्षी आमच्याकडे जे घडले त्याचा उल्लेख असतो. मुलीचे लग्न ठरले त्या वर्षी तिच्यासाठी प्रार्थना लिहिली होती, आणि माग बंद पडले त्या वर्षी त्यांनी आमच्या कामासाठी केलेली प्रार्थना लिहिली होती. माझ्या आईला वाचता येत नव्हते, तरी ती चिठ्ठी ती मोठ्याने वाचून घेत असे. गटावर शंभर जणांना एकच संदेश जाणार, हे मी समजू शकतो, पण ज्यांच्याशी घरोबा आहे त्यांना तरी नाव घालून लिहावे अशी माझी विनंती आहे.

उत्तर ५ : परिचारिका, होटगी रोड

ताई, एक वाचक राहून जातो, म्हणून लिहिते. ज्या घरी त्या वर्षी माणूस गेले आहे, त्या घरी नाताळ फार जड जातो. आपल्याकडे दुखवट्याच्या घरचा पहिला सण नातेवाईक येऊन करतात, ही रीत फार चांगली आहे आणि ती आपल्या मंडळीतही पाळली जाते. पण गटावरचा ‘आनंद करा’ हा संदेश त्या घरातही त्याच वेळी पोहोचतो. त्यांना वेगळा संदेश पाठवावा. तो लहान असावा, त्यात गेलेल्या माणसाचे नाव असावे, आणि चौतिसाव्या स्तोत्रातील परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो या वचनापलीकडे उपदेश नसावा. ‘सगळे चांगल्यासाठीच होते’ असे लिहू नये. रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून ते वाक्य अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि त्याने कुणाचे सांत्वन झालेले मला दिसले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : तरुण संघाची चिटणीस, जुळे सोलापूर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. शेजारकाकांच्या सूचनेप्रमाणे घरोब्याच्या कुटुंबांची यादी करायला घेतली आहे, आणि दुखवट्याच्या घरांची यादी पाळकबाईंकडून मागून घेईन.

नाताळच्या संदेशासाठी मी बर्फ काढून टाकला आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बातमी पहिल्यांदा मिळाली ती रात्री रानात राहून आपले कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. आपल्या जिल्ह्यात सांगोला, माळशिरसकडे जाताना रानात मेंढरांचा वाडा बसवून राखणीला जागणारे धनगर दिसतात, त्यांचे चित्र मनात ठेवून मी असे लिहिले आहे :

‘थंडीच्या रात्री गाव झोपलेले असताना मेंढरांच्या राखणीला जागणाऱ्या माणसांना देवदूताने सांगितले की तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. राजवाड्याला ती बातमी नंतर कळली. तो तारणारा येशू ख्रिस्त आहे, आणि त्याच्या जन्माचा आनंद आम्ही आज आपल्यासोबत वाटून घेत आहोत. नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.’

हा मजकूर योग्य आहे का? आणि त्यात एखादी काव्यपंक्ती घालावी का? इंग्रजी कॅरलच्या ओळी मला इथे बसत नाहीत.

उत्तर ६ : निवृत्त शिक्षिका, रेल्वे लाईन्स

मजकूर छान उतरला आहे. ‘राजवाड्याला ती बातमी नंतर कळली’ हे वाक्य काढू नकोस, कुणी लांबी कमी करायला सांगितले तरी.

काव्यासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभीच ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाची चाल आपल्या उपासनेत कायमची आणली. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या वाचकाला, तो कोणत्याही धर्माचा असो, अभंगाचा ठेका शिकवावा लागत नाही. तुझ्या मजकुरावरूनच चार ओळी सुचल्या त्या देते, पटल्या तर वापर :

रानी मेंढरांचा । राखिती जे वाडा ।
तयांच्या बिऱ्हाडा । देव आला ॥
गव्हाणीत बाळ । गवताची शेज ।
जगताचे तेज । त्याच्या ठायी ॥

गायकवृंदातल्या कुणाकडून याला साधी चाल लावून घे, आणि २४ तारखेच्या रात्री शब्बाथशाळेच्या मुलांकडून टाळांवर म्हणवून घे. मुलांचे पाठांतर व्हायला वेळ लागतो, तेव्हा कागद त्यांच्या हाती आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे ६ डिसेंबरपर्यंत, पडायला हवेत.